१ ऑगस्ट १९२० : एका दिवसाचा आडवा छेद

पंचांगातील तिथी-मासांची गणना प्रदेशागणिक बदलते; इंग्रजी तारीख मात्र टपाल, रेल्वे, कचेरी आणि वृत्तपत्रे यांच्या मागोमाग हिंदुस्थानभर एकच होऊन गेली. दूरदूर घडलेल्या गोष्टी शेजारी मांडून पाहण्याची सोय त्यामुळे झाली. अशी मांडणी बहुधा दिनविशेषांच्या कोष्टकातच संपते. तारखांच्या योगायोगातून कार्यकारणभाव काढणे हा इतिहासाचा धर्म नव्हे, हे खरेच. परंतु एका दिवसाचा आडवा छेद घेतला, तर कालक्रमाच्या उभ्या रेषेत न दिसणारे समाजाचे थर दिसू लागतात. १ ऑगस्ट १९२० हा दिवस या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. भर पावसात लोटलेल्या अफाट जनसमुदायाने त्यांना गिरगावच्या चौपाटीवर अखेरचा निरोप दिला. पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत महात्मा गांधी होते, तसेच शौकत अलीही होते. योगायोग असा की, असहकाराच्या आरंभासाठी हाच दिवस आधीपासून मुक्रर झालेला होता. गांधीजींनी व्हाइसरॉयना पत्र लिहून कैसर-ए-हिंद हे सुवर्णपदक आणि दक्षिण आफ्रिकेतील शुश्रूषाकार्याबद्दल मिळालेली पदके परत केली, तीही याच तारखेस. एका नेतृत्वाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय एकाच दिवसात सामावला. पुढील वर्षी चळवळीसाठी जमविलेल्या एक कोटीच्या निधीला टिळकांचेच नाव देण्यात आले.

या चळवळीने ज्यांच्या आयुष्याला वळण दिले, त्यांतील दोघांची जन्मतारीखही १ ऑगस्ट हीच होती. १८८२ साली अलाहाबादेत जन्मलेल्या पुरुषोत्तमदास टंडन यांनी चालती वकिली सोडली. १८९९ साली दिल्लीत जन्मलेल्या कमला नेहरू अलाहाबादेत स्त्रियांना संघटित करून परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करू लागल्या.

येथवरचा वृत्तान्त वृत्तपत्रांनी आणि सरकारी दप्तरांनी टिपलेला आहे. त्याच दिवशी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे या मुलाचा जन्म झाला. कोणत्याही वृत्तपत्राने दखल घ्यावी असा तो जन्म नव्हता. ज्या समाजावर परकीय राजवटीने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या समाजातील तो मुलगा. त्याच्या जन्माची हकीकत उरली ती आख्यायिकेच्या रूपाने : खजिना लुटून आलेल्या फकिराने बाळंतिणीच्या घरी ओंजळभर सुरती रुपये दिले, अशी. अभ्यासकाने ती पुरावा म्हणून स्वीकारावी असे नाही. परंतु ज्यांच्यासाठी दप्तर उघडले जात नाही, त्यांची स्मृती कोणत्या भाषेत टिकते, हे मात्र तिच्यातून कळते. शाळेचा संबंध जवळजवळ न आलेला हा मुलगा पुढे अण्णाभाऊ साठे या नावाने शाहीर, कथाकार आणि कादंबरीकार झाला. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या कादंबरीत त्याने ती मौखिक स्मृती ग्रंथबद्ध केली.

या दोन घटनांत काही धागा आहे काय? आहे, आणि तो मुंबईच्या गिरण्यांतून जातो. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. विरोधकांनी टिळकांना तेल्यातांबोळ्यांचे पुढारी म्हणून हिणविले होते. त्या हेटाळणीतच त्यांच्या सामर्थ्याचे मर्म होते. मात्र राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या वादात टिळकांनी कौल पहिल्या बाजूस दिला होता. अण्णाभाऊ वाटेगावहून पायी मुंबईस आले, गिरणीत राबले, १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभे राहिले. टिळकांसाठी ज्या वर्गाने यंत्रे थांबविली, तो वर्ग अण्णाभाऊंच्या लेखणीत स्वतःसाठी बोलू लागला. मागे राहिलेला प्रश्न त्यांनी पुन्हा पुढे आणला. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना, पृथ्वीचा भार शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर आहे, असे त्यांनी सांगितले.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ विपन्नावस्थेत निवर्तले. १ ऑगस्ट २०२० रोजी टिळकांची स्मृतिशताब्दी आणि अण्णाभाऊंची जन्मशताब्दी एकत्रच आली. शंभर वर्षांपूर्वी त्या तारखेला एकच बातमी होती. शतकानंतर तीच तारीख दोन नावांनी ओळखली गेली. १ ऑगस्ट १९२० चे पान त्या दिवशी पुरे लिहिले गेले नव्हते. त्याचा कोरा राहिलेला भाग वाटेगावात जन्मलेल्या मुलाने पुढे स्वतःच लिहून काढला.