फ्लशच्या टाकीत बाटली ठेवून खरंच पाणी वाचतं का?

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण कातळाचा जांभा पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे मे महिन्यात शहराचं लक्ष शीळ धरणाच्या पातळीकडे लागतं.

भारतीय मानकांत शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आहे. त्यातलं ४५ लिटर एकट्या फ्लशसाठी! जुन्या टाक्या एका वेळी १० लिटरपर्यंत पाणी सोडतात. नव्या दोन बटणांच्या टाकीत साधारण ६ आणि ३ लिटर लागतं.

भाड्याच्या घरात टाकी बदलता येत नसेल, तर पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली टाकीत ठेवा. तेवढी जागा अडते आणि दर फ्लशला एक लिटर कमी जातं. चार माणसं, प्रत्येकी पाच फ्लश, म्हणजे दिवसाला २० लिटर. एप्रिल-मे मिळून १,२२० लिटर, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरून वर उरेल इतकं.

बाटली फ्लोटला किंवा झडपेला लागू देऊ नका. विटेचा किंवा जांभ्याचा तुकडा तर नकोच. त्याचे कण झडपेत अडकून टाकी गळू लागते. एका फ्लशमध्ये भांडं साफ होत नसेल तर बाटली लहान करा, कारण दोनदा फ्लश केल्यास उलट जास्त पाणी जातं. नव्या कमी पाण्याच्या टाकीत हा प्रयोग करू नका.

त्याआधी गळती तपासा. टाकीत खाण्याचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर आधी झडपेचं रबर बदला.