रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत दुखतं : 'हृद्रोग' या जुन्या शब्दाची गोष्ट

ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, स्ट्रेस टेस्टही व्यवस्थित. तरी छातीत कधी जडपणा, कधी टोचणं, कधी जळजळ. "काही नाही, टेन्शन घेऊ नका" एवढं ऐकून रुग्ण घरी येतो आणि मग अर्जुनारिष्टाची बाटली आणली जाते. कारण 'आयुर्वेदात हृदयाचं औषध म्हणजे अर्जुन' हे सगळ्यांना पाठ असतं. पण ग्रंथ उघडले तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या १७व्या अध्यायात हृद्रोगाचे पाच प्रकार आहेत : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज. वातज प्रकाराची कारणं पाहा. शोक, उपवास, अतिश्रम, कोरडं आणि अपुरं जेवण. कफज प्रकार याच्या अगदी उलट : जड, स्निग्ध आणि भरपूर खाणं, हालचाल नाही, काळजी नाही, झोप मात्र मनसोक्त. त्यात छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. पित्तज प्रकारात छातीत जळजळ, तोंड कडू, आंबट-कडू पाणी वर येणं.

आज वाचताना पित्तज हृद्रोग हा सरळ ॲसिड रिफ्लक्स वाटतो. मात्र त्याच यादीत घाम, चक्कर आणि मूर्च्छाही आहे, म्हणजे हार्ट अटॅकसुद्धा त्यात बसू शकतो. हा ग्रंथकारांचा दोष नव्हे. त्यांचा 'हृद्रोग' रुग्णाला त्रास जिथे जाणवतो त्या जागेवरून आणि कारणांवरून ठरत होता. रक्तवाहिनी तुंबली आहे की नाही, हे जिवंत माणसात पाहायची सोय जगात कुठेच नव्हती. पुढे माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय मिळाला. चरक-सुश्रुतांत तो नाही.

आता अर्जुन. चरकांनी 'हृद्य' म्हणून दहा द्रव्यांचा गण दिला आहे. त्यात आंबा, करवंद, कोकम (वृक्षाम्ल), बोर, डाळिंब, महाळुंग अशी आंबट फळं आहेत. अर्जुन त्यात नाही! तो सापडतो अंगावर पित्त उठतं त्यावरच्या, उदर्दप्रशमन गणात. इथे हृद्य म्हणजे मनाला रुचणारं, तोंडाला चव आणणारं. हृद्रोगात अर्जुनसालीचं दूध आणि तूप प्रसिद्ध झालं ते ११व्या शतकातल्या चक्रपाणिदत्तांच्या चिकित्साग्रंथामुळे. चरकांची चिकित्सा प्रकारानुसार बदलते : वातजात तेल, पित्तजात थंड उपचार आणि विरेचन, कफजात स्वेदन, वमन, लंघन. सरसकट एक बाटली कुठेच नाही.

पाश्चात्त्य वैद्यकही याच कोड्यात अडकलं होतं. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची छाती दुखे, धडधड होई, पण हृदयात दोष सापडत नसे. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि त्या त्रासाला त्यांचंच नाव पडलं. पहिल्या महायुद्धात तीच तक्रार 'एफर्ट सिंड्रोम' झाली. मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घ्यायची पद्धत दिली, तेव्हा कुठे दुखणं असूनही वाहिन्या मोकळ्या असू शकतात हे डोळ्यांना दिसलं. १९७३ मध्ये त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं गेलं. आज कळतं की त्यांतल्या काहींच्या अगदी बारीक वाहिन्यांत खरोखर बिघाड असतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी तपासण्या, आणि त्याही हृदयरोगतज्ज्ञ पुरे म्हणेपर्यंत. दुखत नसताना काढलेला एक ईसीजी पुरेसा नसतो. हृदय निर्धोक ठरलं की चरकांचे प्रश्न फार कामाला येतात : घरात कोणी गेलं का? उपवास किती? जेवण किती वाजता आणि लगेच आडवं होता का? जिना चढताना दुखतं की जेवल्यावर? छाती दाबली की दुखतं का? उत्तरांवरून कुणाला स्नेहन, कुणाला लंघन, तर कुणाला फक्त रात्रीचं जेवण लवकर एवढंच लागतं.

मात्र छातीत दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं असं झालं तर 'पित्त झालंय' म्हणून सोडा पीत बसू नका. नॉर्मल रिपोर्ट महिनाभर जुना असला तरीही लगेच हॉस्पिटल गाठा.