बदलीच्या गावची शाळा

कामासाठी गाव सोडायचं ठरलं की भांडीकुंडी बांधून नेता येतात, पण मुलांची शाळा नेता येत नाही. ऊसतोडीला निघालेल्या आईला हा घोर असतो. परदेशात बदली झालेल्या साहेबांच्या घरीही तोच घोर असतो. त्यातूनच 'इंटरनॅशनल स्कूल' जन्माला आली. तिची गोष्ट आज ऐकू या.

पूर्वी अशा आईबापांपुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे मुलांना मागे ठेवायचं. आपल्या देशात राज्य करणारे कितीतरी इंग्रज अधिकारी लहान वयातच मुलांना बोटीनं विलायतेला धाडत. मग वर्षानुवर्षं मायलेकरांची गाठ पडत नसे. दुसरी वाट म्हणजे मुलांना सोबत न्यायचं आणि तिथल्या शाळेत घालायचं. पण पुन्हा बदली झाली की भाषा नवी, पुस्तकं नवी.

पहिल्या महायुद्धानंतर देशादेशांतली भांडणं बोलून मिटावीत म्हणून राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याची कचेरी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात होती. नाना देशांचे कर्मचारी तिथे कुटुंबासह राहायला आले. त्यांच्या मुलांसाठी १९२४ साली तिथे एक आंतरराष्ट्रीय शाळा उघडली. सुरुवातीला मुलं होती अवघी आठ! इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत शिक्षण सुरू झालं. १९२९ पासून वीस वर्षं मारी-तेरेझ मोरेत या बाईंनी ही शाळा सांभाळली. मुलांनी फक्त आपल्याच देशाचा नव्हे, साऱ्या जगाचा भूगोल आणि इतिहास शिकावा, असा त्यांचा आग्रह होता.

तरी एक अडचण उरलीच, ती शेवटच्या परीक्षेची. कॉलेजात जायचं तर ज्या त्या देशाची परीक्षा हवी. त्यामुळे इतकी वर्षं एका बाकावर बसलेली मुलं शेवटी वेगळी व्हायची. कुणी इंग्लंडच्या परीक्षेला बसे, कुणी फ्रान्सच्या, कुणी अमेरिकेच्या. म्हणून अनेक देशांत चालेल अशी एकच परीक्षा काढायचं या शिक्षकांनी मनावर घेतलं. त्यातून १९६८ साली जिनिव्हातच 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट', म्हणजे आयबी, ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कोडाईकनालला अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१ पासून शाळा होती. तिथे १९७६ साली आयबी सुरू झालं. भारतातली ती पहिली आयबी शाळा.

या इतिहासातून एक गोष्ट शिकावी. शाळा निवडताना इमारत नंतर बघायची. आधी विचारायचं, 'इथून माझं लेकरू पुढे कुठे जाणार, आणि तिथे इथला दाखला, इथली परीक्षा चालेल का?' आखाती देशांत कामाला गेलेली कितीतरी भारतीय कुटुंबं मुलांना तिथल्या सीबीएसई शाळेत घालतात, ती याच विचारानं. आज ना उद्या परत यायचं आहे, हे त्यांना माहीत असतं. दुसरा प्रश्न फीचा. परदेशी नोकरीत मोठी फी पुष्कळदा कंपनी भरते. नोकरी गेली तर ती कोण भरणार? तिसरा प्रश्न भाषेचा. शाळेची भाषा कुठलीही असो, घरात आपली बोली राहिली तर मुलाला आजीशी बोलता येतं.

आता तालुक्याच्या गावीही 'इंटरनॅशनल' अशी पाटी दिसते. पाटी कुणालाही रंगवता येते, मैत्रिणींनो. कर्ज काढून फी भरण्याआधी आत जाऊन विचारा, 'दहावीची परीक्षा कोणत्या बोर्डाची? मान्यतेचा कागद दाखवा.' एकटीला संकोच वाटला तर गटातल्या दोघीतिघी मिळून जा. बँकेत जाताना आपण तसंच करतो की!