पालक अडाणी नाहीत

बीड जिल्ह्यातल्या मुली आठवी-नववीत शाळा का सोडतात, असं विचारलं की उत्तर तयार असतं : पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. मग प्रभातफेऱ्या निघतात, भिंतींवर घोषणा रंगतात. हे निदान चूक आहे आणि त्यापायी मुलींची वर्षं वाया जात आहेत.

निदान करणारे आकडा पुढे करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. आकडा खरा. पण बीडचे आईबाप राज्यापेक्षा दुप्पट अडाणी आहेत, असं कोणी म्हणेल का? बीडचं वेगळेपण ऊसतोडीत आहे.

ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला गेलेली जोडपी उन्हाळ्यातच परततात. मुलगी सोबत नेली तर ती फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भाकऱ्या थापते, पाण्याच्या खेपा घालते, धाकट्याला कडेवर घेऊन बसते. मागे ठेवली तर थकलेल्या आजीच्या भरवशावर, आणि हायस्कूल दुसऱ्या गावी. वाटेत कोणी रोज मोटारसायकल आडवी घालतो, हे ती घरी सांगत नाही. सांगितलं तर शाळाच बंद होईल. फडातून आईचा फोन येतो, ‘पोचलीस का?’ या आईला काय कळत नाही? लग्न लावलं की काळजी मिटते आणि सासरी एक नवा कोयता उभा राहतो, हा हिशेब तिच्यावर लादलेला आहे.

‘मुलीच पळून जातात,’ असंही म्हणतात. काही जातात. सोळाव्या वर्षी प्रेम शहरातही जडतं. पण गावात दोघांचं नाव जोडलं गेलं, तर मुलगा दहावीच्या परीक्षेला बसतो आणि मुलीचं दप्तर माळ्यावर जातं. शिवाय कित्येकदा स्थळ ठरतंय हे कानावर आल्यावरच ती घर सोडते. मुलग्यांचीही शाळा गरिबी सोडवते, पण त्यांना परत बसता येतं.

मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, एसटीचा पास मोफत आहे. शिक्षणहक्क कायदा मात्र चौदाव्या वर्षी थांबतो, नेमका धोका वाढतो तेव्हा. म्हणून बारावीपर्यंतचं, बाई अधीक्षक असलेलं वसतिगृह तालुक्याला हवं आणि ते दसऱ्याआधी उघडायला हवं. मजुरांचे ट्रक निघून गेल्यावर वसतिगृहाला मंजुरी आली, तर मुलगी एक तर फडात असते, नाहीतर तिची सुपारी फुटलेली असते.