स्वतंत्र लेखक व्हायचंय? करारावर सही करण्याआधी हे वाचा

जव्हार-मोखाड्यात बसून मराठीत किंवा वारलीत लिहिणाऱ्याला आज पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या होकारासाठी थांबावं लागत नाही. पुस्तक स्वतःच काढता येतं. पण एक पुस्तक काढणं वेगळं आणि वीस-तीस वर्षं लेखक म्हणून टिकणं वेगळं. टिकायचं असेल, तर पुस्तकाचे हक्क कोणाकडे आहेत हे आधी पाहायला हवं.

स्वतंत्र लेखक म्हणजे कोण?

संपादन, मुखपृष्ठ, छपाई आणि विक्री यांचे निर्णय आणि खर्च स्वतःकडे ठेवणारा. नफा त्याचा आणि घरात पडून राहिलेले गठ्ठेही त्याचेच.

मराठीत हे कोणी केलंय?

अरुण कोलटकर यांचं 'जेजुरी' १९७६ मध्ये 'क्लिअरिंग हाऊस'नं काढलं. ही कवींनीच मिळून चालवलेली प्रकाशन संस्था होती. त्यांच्या मराठी कविता १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या छोट्याशा 'प्रास प्रकाशना'कडून आल्या. कोलटकरांचं घर जाहिरात क्षेत्रातल्या कामावर चालायचं, त्यामुळे कविता कोणाच्या घाईनं लिहावी लागली नाही. २००३ मध्ये 'प्रास'नंच काढलेल्या 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

दुसरी वाट सतत लिहिण्याची. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या अर्नाळ्याचं नाव लावणारे बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. 'झुंजार' आणि 'काळा पहाड' हे त्यांचे नायक पुन्हा पुन्हा येत राहिले. एक पुस्तक संपलं की वाचक पुढचं मागायचे.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार :

• हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.
• हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीचा करार लागतो.
• करारात मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षं धरतात.
• हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात तो वापरला नाही, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो हक्क संपतो.

म्हणजेच 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी एक ओळ तुमचं आयुष्यभराचं उत्पन्न घेऊन जाऊ शकते. पुढे ई-बुक, ऑडिओबुक किंवा अनुवाद झाला, तरी तुमच्या हाती काहीच न येण्याची शक्यता असते.

सुरुवात कुठून करायची?

• भारतात आयएसबीएन मोफत मिळतो. स्वतः प्रकाशन करणारा लेखकही अर्ज करू शकतो. 'नंबर मिळवून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले, तर सावध व्हा.
• पहिलं पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा.
• पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यानं ठरवलेल्या इतर ग्रंथालयांना प्रत पाठवा.
• पहिली आवृत्ती छोटी ठेवा. ती खपली की पुन्हा छापा.

आणि करार समोर आला, तर तीन गोष्टी शोधा : कोणते हक्क, किती वर्षांसाठी आणि किती मानधनात. यातलं एक जरी लिहिलेलं नसेल, तरी आधी ते लिहून घ्या, मग सही करा.