नंबर लागेल का? : मराठवाड्यातील एका प्रश्नाचा इतिहास

आपल्याकडे मुलाला मेडिकलला प्रवेश 'मिळत' नाही, त्याचा 'नंबर लागतो'. मिळण्यात देणारा कुणीतरी असतो. नंबर लागण्यात रांग असते. रांगेतल्या माणसाला तीन गोष्टी कळाव्या लागतात : आपल्यापुढे किती जण आहेत, खिडकीत जागा किती आहेत आणि ही रांग नेमकी कुणाकुणाची आहे. पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा घरोघरी होते. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याची संधी गेली शंभर वर्षे प्रामुख्याने त्याच प्रश्नाने ठरवली आहे.

मी कोणत्याही विद्यापीठाचा अभ्यासक नाही. मुदखेडला फॉर्म भरून देण्याचे दुकान चालवता चालवता जुनी माहितीपत्रके, निकालाच्या दिवसांची वर्तमानपत्रे आणि कटऑफच्या याद्या जमवत गेलो. पुढे शासननिर्णय आणि न्यायालयाचे निकाल वाचण्याची सवय लागली. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडतो.

निजामाच्या राज्यात हा प्रश्न वेगळ्याच रूपात होता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण ती देशी भाषा उर्दू होती. नांदेड, बिलोली, भोकरकडच्या मराठी घरातल्या मुलाला गुणांच्या आधी भाषेची वेस ओलांडावी लागे. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमिजिएट कॉलेज निघाले, तरी पुढच्या शिक्षणासाठी हैदराबाद गाठायचे, नाहीतर संस्थानाबाहेर पडायचे. तेव्हा नंबर लागेल का, असे कोण विचारणार? रांगेपर्यंत पोचणारेच मोजके होते.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले आणि दोन वर्षांत चित्र पालटू लागले. १९५० मध्ये औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज उभे राहिले. पुढे १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले.

याच काळातला एक दस्तऐवज प्रवेशाच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे, पण त्या अंगाने तो वाचला जात नाही. १९५३ च्या नागपूर कराराची आठवण आपण निधीच्या वाटपासाठी आणि नागपूरच्या अधिवेशनासाठी काढतो. त्याच करारात व्यावसायिक आणि शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांतील प्रवेशाबाबत निरनिराळ्या विभागांना न्याय्य सोयी देण्याचे आश्वासन आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्येही तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आला. म्हणजे 'आमच्या पोरांचा नंबर लागला पाहिजे' ही मागणी हा प्रदेश मराठी राज्यात येताना झालेल्या बोलीचाच भाग होती.

तिचा प्रत्यक्ष अर्थ असा झाला की ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात शिकलात, तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या जागा तुमच्या. ही रांग आखडून घेतलेली होती. तिच्यात पुण्या-मुंबईची मुले नव्हती, पण तिच्या खिडकीत जागाही थोड्या होत्या. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पूर्ण बंदिस्ती समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. मागास प्रदेशांची अडचण मात्र मान्य केली : खुल्या जागांपैकी फार तर ७० टक्के त्या-त्या प्रदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात, उरलेल्या किमान ३० टक्के साऱ्या राज्याला खुल्या असाव्यात. पुढे कित्येक वर्षे पालकांच्या तोंडी असलेले ७०:३० ते हेच.

या निकालाच्या वेळी मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये दोनच होती, औरंगाबाद आणि अंबाजोगाई. नांदेडचे १९८८ मध्ये निघाले, लातूरचे त्याहून बऱ्याच उशिरा. जागा अशा मुंगीच्या पावलांनी वाढत असताना विद्यार्थी मात्र घोड्याच्या चालीने पुढे गेले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात सरावाची जी शिस्त बसली, ती 'लातूर पॅटर्न' या नावाने राज्यभर गेली. त्यात गूढ काही नव्हते : नेमका अभ्यास, पुन्हा पुन्हा चाचण्या, चुकलेल्या प्रश्नाची त्याच आठवड्यात दुरुस्ती. बारावीचे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे गुण, म्हणजे 'ग्रुप', हेच तेव्हा मेडिकलचे नाणे होते. नांदेड-लातूरच्या बसमध्ये अनोळखी माणूसही 'पोराचा ग्रुप किती?' असे विचारी.

इथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. जे ७०:३० दुबळ्या प्रदेशाला आडोसा म्हणून आले होते, तेच आता कुंपण झाले. राखलेल्या ७० टक्के जागा मुळातच कमी, त्यांच्यावर तुटून पडणारी मुले तयारीची. उर्वरित महाराष्ट्रात महाविद्यालये जास्त, पण तिथे मराठवाड्याच्या वाट्याला फक्त ३० टक्क्यांतली स्पर्धा. तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या प्रदेशातल्या मुलाचा नंबर लागे आणि इथला घरी बसे. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द झाल्याची घोषणा केली. मंत्री लातूरचे होते हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या प्रदेशाने राखीव वाटा मागितला होता, त्यानेच पुढे तो मोडावा म्हणून आवाज उठवला. यात मला विसंगती दिसत नाही. रांग लांब असते तेव्हा भिंत हवी असते. पाय मजबूत झाले की भिंत अडते. चीनमध्येही गाओकाओ परीक्षेनंतर विद्यापीठांच्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात आणि कोणत्या प्रांतातून परीक्षा दिली यावर संधी कमी-जास्त होते. हा वाद एकट्या आपला नाही.

आता रांग देशाएवढी झाली आहे. वैद्यकीय प्रवेशाचा दरवाजा 'नीट' हाच. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेला बसले, १३ लाखांहून अधिक पात्र ठरले. तेव्हा देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाख दहा हजारांच्या आसपास होत्या. म्हणजे साधारण बारा पात्र विद्यार्थ्यांमागे एक जागा. तरी 'पात्र' हा शब्द निकालपत्रावर दिसला की पेढे वाटले जातात. पात्रता म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दुसरी गफलत गुणांची. २०२४ च्या सुधारित निकालातही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६. गेल्या वर्षीच्या गुणांवरून यंदाचा अंदाज बांधणारा म्हणूनच फसतो. गुण पेपरबरोबर हलतात; क्रमांक त्या मानाने स्थिर राहतो. अंदाज बांधायचाच तर राज्याच्या यादीतला क्रमांक, आपला प्रवर्ग आणि प्रत्येक महाविद्यालयाची पहिली नव्हे तर शेवटच्या फेरीची यादी, हे तिन्ही शेजारी ठेवून बांधावा. याद्या सर्वांसाठी खुल्या असतात. पण त्या वाचायच्या कशा हे सांगणारे माणूस शहरातल्या घरात नात्यातच भेटते; खेड्यातल्या घराला ते विकत घ्यावे लागते.

माझ्या दुकानात जूननंतर जी घरे येतात, त्यांच्या हातातला निर्णय पोराच्या करिअरएवढाच जमिनीचा असतो. आणखी एक वर्ष रिपीट करायचे की बीएएमएस घ्यायचे? खासगी कॉलेजसाठी दोन एकर काढायचे की थांबायचे? मुलगी असेल तर आणखी एक प्रश्न न बोलता समोर असतो : तिला दुसरे वर्ष मिळणार की नाही? मुलाला 'लागेल पुढच्या वर्षी' म्हणणारे घर मुलीला तेच क्वचित म्हणते. क्रमांक दोघांचा सारखा असला तरी.

शंभर वर्षांत भाषेची वेस गेली, विद्यापीठाची हद्द गेली, प्रदेशाची भिंतही गेली. त्या प्रत्येक वेळी कुणीतरी रांग कुणाची हे विचारले होते, म्हणून ती गेली. आता उरलेली भिंत माहितीची आहे आणि ती कोणत्याही शासननिर्णयात लिहिलेली नाही. गावच्या शाळेत, वाचनालयात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर शेवटच्या फेरीची यादी लावायला एक कागद आणि चार टाचण्या पुरतात. दोन एकर विकण्याआधी तो कागद एकदा वाचला गेला पाहिजे.