कसलेला, होतकरू आणि थांबलेला

भाताची झोडणी आटोपली की आमच्या भिवपुरीकडे मोकळ्या खाचरांत क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. नेरळपासून कर्जतपर्यंतच्या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या स्पर्धांना तोटा नाही. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच स्पर्धांना ‘प्रीमियर लीग’ हे नाव लागले आहे आणि नावाबरोबर खेळाडूंचा लिलावही आला आहे. प्रत्येक संघमालकाला ठरावीक गुण मिळतात, त्यांतच सगळा संघ उभा करायचा असतो. शेवटचे षटक हमखास राखणाऱ्या तिशीतल्या गोलंदाजावर निम्मे गुण खर्चायचे, की ते वाचवून विशीच्या आतली तीन पोरे उचलायची, यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालतात.

वाद गावचा असला तरी प्रश्न गावापुरता नाही. आज बळी देणारा कसलेला गोलंदाज घ्यावा, की उद्या देईल असा होतकरू राखावा, हा पेच प्रत्येक संघ बांधणाऱ्यापुढे येतो. मी काही विद्यापीठातला अभ्यासक नव्हे. जुने धावफलक, क्रीडापाने आणि खेळाडूंच्या आठवणी ताडून पाहण्याचा नाद मात्र बरीच वर्षे आहे. त्यातून मुंबईच्या आणि भारताच्या क्रिकेटपुरते माझे एक मत झाले आहे. आपण हा तराजू दोन पारड्यांचा समजतो. हिशेबात मात्र एक तिसरा माणूसही असतो. तो कसलेला असतो, पण त्याला जागा नसते. आपल्याकडच्या निवडींची खरी किंमत बहुतेक वेळा त्यानेच मोजली आहे.

मुदतीचा बाजार

या पेचाचा उघड बाजार भरतो तो अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला गोलंदाजच. फक्त तो धावत येत नाही आणि चेंडूला टप्पा देत नाही. जुलैअखेर खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत असते. तोवर कोणते संघ जेतेपदाच्या शर्यतीत आहेत आणि कोणाचा हंगाम वाया गेला आहे, याचा अंदाज आलेला असतो. शर्यतीतला संघ दुसऱ्याचा कसलेला पिचर मागतो आणि बदल्यात आपले होतकरू मुलगे देतो. एक आजची भूक भागवतो, दुसरा उद्याची पेरणी करतो.

१९८७ चा एक सौदा तिकडे अजून चर्चिला जातो. हंगामाचे शेवटचे आठवडे राहिले असता, ऑगस्टमध्ये, डेट्रॉईट टायगर्सने अटलांटा ब्रेव्हजकडून डॉयल अलेक्झांडर हा छत्तीस वर्षांचा पिचर घेतला. मोबदल्यात दिला जॉन स्मोल्ट्झ हा वीस वर्षांचा, मिशिगनमध्येच वाढलेला मुलगा. अलेक्झांडरने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. डेट्रॉईटने आपला गट जिंकला, मात्र पुढच्याच फेरीत मिनेसोटाकडून हार खाल्ली. स्मोल्ट्झने पुढे २१३ विजय मिळवले आणि २०१५ मध्ये बेसबॉलच्या सन्मानदालनात त्याचे नाव लागले. सौदा फसला की साधला? ज्यासाठी अलेक्झांडरला आणले, ते काम त्याने चोख केले होते. म्हणून मी त्याला फसलेला म्हणणार नाही. पण तिकडे दोघांनाही खेळायला मैदान मिळाले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे फरक पडतो तो इथेच.

मांकडांना हवे असलेले उत्तर

आपल्याकडे मुदतीचा बाजार नव्हता, पण मुदतीचा पेच होता. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण १९५२ चे. विनू मांकड मूळचे जामनगरचे. रणजी स्पर्धेत ते महाराष्ट्राकडूनही खेळले आणि मुंबईकडूनही. त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रासला त्यांनी इंग्लंडचे पहिल्या डावात ५५ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत चार गडी बाद केले आणि भारताला पहिला कसोटी विजय मिळाला. यापेक्षा कसलेला गोलंदाज कोणता असणार?

उन्हाळ्यात भारताचा इंग्लंड दौरा होता आणि लँकेशायर लीगमधला हॅसलिंग्डन क्लब मांकडांना व्यावसायिक खेळाडू म्हणून घ्यायला तयार होता. दौऱ्यासाठी माझी निवड नक्की आहे का, ते आधी सांगा, एवढेच मांकडांचे म्हणणे होते. निवडकर्त्यांनी तशी हमी दिली नाही. मांकडांनी हॅसलिंग्डनशी करार केला आणि भारतीय संघ त्यांच्याविना इंग्लंडला गेला.

लीड्सच्या पहिल्या कसोटीत होतकरूंच्या दोन्ही बाजू एकाच सामन्यात दिसल्या. वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ धावा केल्या. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन या पदार्पण करणाऱ्या पोराने भारताची अवस्था शून्य बाद चार केली. त्या चौघांत मांजरेकर आणि माधव मंत्रीही होते. पहिलाच कसोटी सामना खेळणारे गुलाबराय रामचंद दोन्ही डावांत शून्यावर गेले. गोलंदाजी काही वाईट झाली नव्हती. गुलाम अहमद यांनी पाच बळी घेतले होते. तरी संघाला मांकड हवेसे झाले आणि हॅसलिंग्डनला विनंती करून त्यांना उरलेल्या कसोटींसाठी मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर मांकडांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, पहिल्या डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. सामना भारताने गमावला, पण तो ‘मांकडांचा सामना’ म्हणूनच ओळखला जातो.

यातून कसलेल्याला डावलू नये हा धडा निघतो, तो खराच. पण त्याच्या शेजारी दुसराही आहे. लीड्सला दोन भोपळे मिळवणारे रामचंदच १९५९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियावरच्या पहिल्या भारतीय विजयाचे कर्णधार होते. होतकरूचा हिशेब एका सामन्यात मांडता येत नाही. कसलेल्याला वेळेवर उत्तर द्यावे लागते आणि होतकरूला वेळ द्यावा लागतो. निवडकर्त्याची खरी कसोटी या दोन वेळांच्या मध्ये असते.

मर्चंट यांचे धोरण, आणि त्याची हद्द

तरुणांच्या बाजूने उघडपणे उभे राहिलेले निवड समितीचे अध्यक्ष म्हणजे विजय मर्चंट. १९६९ च्या एकाच हंगामात गुंडप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर, चेतन चौहान, अशोक मांकड हे कसोटीत आले. जानेवारी १९७१ मध्ये अध्यक्षाच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. मराठी वाचकाला हे पाठ आहे.

कमी बोलले जाते ते पुढचे. मर्चंट यांचे हे धोरण मुख्यतः फलंदाजांपुरते आणि क्षेत्ररक्षकांपुरते राहिले. वेस्ट इंडीजला गेलेले फिरकी गोलंदाज होते बेदी, प्रसन्ना, वेंकटराघवन आणि सलीम दुराणी. सगळे आधीच कसाला लागलेले. पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयात गारफिल्ड सोबर्स आणि क्लाइव्ह लॉइड यांना बाद करणारे दुराणी संघातल्या जुन्या मंडळींपैकी होते. पुढे इंग्लंडच्या दौऱ्यासाठी चंद्रशेखर यांना परत बोलावले, तेही नवखे नव्हते. ऑगस्टमध्ये ओव्हलवर त्यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले, इंग्लंड १०१ धावांत आटोपले आणि मालिका भारताची झाली. उलट मुंबईचे मध्यमगती गोलंदाज अजित पै यांना १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध एक कसोटी मिळाली, दोन बळी मिळाले आणि पुन्हा बोलावणे आले नाही.

हे धोरण मला चुकीचे वाटत नाही. आमच्याकडचा शेतकरीही नवे वाण आले म्हणून सगळी खाचरे त्याच्या स्वाधीन करत नाही. एका खाचरात लावून पाहतो, बाकीच्यात जुने भरवशाचे बियाणे ठेवतो. मर्चंट यांनी फलंदाजीच्या खाचरात नवे पेरले, कारण गोलंदाजीच्या खाचरात पीक हमखास होते. पण त्या हमखास पिकाआड कोणाला ऊन मिळाले नाही, हे पाहायला हवे.

जागा नसलेला कसलेला

पद्माकर शिवलकर यांचा जन्म १९४० चा. डावखुरी फिरकी, दिशेवर आणि टप्प्यावर कमालीचा ताबा. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले, तेही वीसपेक्षा कमी सरासरीने. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत संपला. शिवलकरांनी १६ धावांत आठ गडी बाद केले आणि तामिळनाडू ८० धावांत गारद झाले. दुसऱ्या डावात त्यांनी १८ धावांत पाच बळी घेतले. मुंबईचे ते सलग पंधरावे अजिंक्यपद. तेव्हा शिवलकर बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. ना तेव्हा, ना नंतर.

कारण सर्वांना ठाऊक आहे: बिशनसिंग बेदी. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचीही तीच कथा. रणजी स्पर्धेत ६३७ बळी घेणारा हा गोलंदाज १९७४ मध्ये, बेदींना एका कसोटीतून वगळले गेले तेव्हा, बंगळूरला संघात होता. प्रत्यक्ष अकरांत मात्र त्याचे नाव आले नाही. बेदी थोर गोलंदाज होते, त्यांना काढून यांना घ्यायला हवे होते असे माझे म्हणणे नाही. मुद्दा पुढच्या पायरीचा आहे. १९७९ मध्ये बेदींचे पर्व संपले, तेव्हा दिलीप दोशी यांना एकतिसाव्या वर्षी पहिली कसोटी मिळाली आणि त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेतले. थांबलेला हात गंजलेला नसतो, याचा याहून चांगला पुरावा नाही. पण तोवर शिवलकर एकोणचाळीस वर्षांचे झाले होते. १९८१ मध्ये न्यूझीलंडला दोशी जायबंदी झाले, तेव्हा मुंबईहून बोलावणे गेले ते अठरा वर्षांच्या रवी शास्त्रीला. वेलिंग्टनला उतरून त्याने दुसऱ्या डावात चार चेंडूंत तीन बळी घेतले. निवड अचूक ठरली. तरी चित्र बघा: तराजू कसलेल्यावरून थेट होतकरूवर गेला आणि वीस वर्षे तयार बसलेला माणूस मधल्या फटीत राहिला.

त्याच्या थांबण्याचा फायदा कोणाला झाला? मुंबईला. १९७०-७१ मध्ये वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर आणि अशोक मांकड वेस्ट इंडीजला असताना सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालच्या दुसऱ्या फळीच्या मुंबईने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून रणजी करंडक राखला. देशाला न लागलेला गोलंदाज शहराच्या हाताशी राहत होता. दुसऱ्याची अडचण आपल्या कोठीत साठवण्यासारखेच हे झाले. बेसबॉलमध्ये अशा माणसाला कोणीतरी मागून नेले असते. कसोटीच्या क्रिकेटमध्ये देश बदलता येत नाही. थांबणे एवढेच हाती राहते.

गेलेला आणि परतलेला

राज्य मात्र बदलता येते. नव्वदच्या दशकात श्रीरामपूरचा एक डावखुरा वेगवान मुलगा मुंबईला आला. त्याला आपल्या नॅशनल क्रिकेट क्लबात घेणारे तेच सुधीर नाईक. मुलाचे नाव झहीर खान. मुंबईकडे तेव्हा कुरुविला, म्हांब्रे, आगरकर असे तयार हात होते. झहीर बडोद्याला गेला, १९९९-२००० मध्ये तिकडून रणजीत उतरला आणि पुढच्याच हंगामात बडोद्याने करंडक जिंकला. काही वर्षांनी, भारताचा अनुभवी गोलंदाज होऊन, तो मुंबईकडे आला आणि २००६-०७ चे रणजी अजिंक्यपद मिळवणाऱ्या संघात होता. २००९ मध्ये आयपीएलमध्ये मुंबईने तरुण रॉबिन उथप्पा बंगळूरला देऊन तिशीतला झहीर घेतला. म्हणजे होतकरूच्या मोबदल्यात कसलेला, अगदी अमेरिकी पद्धतीने.

झहीर शिवलकरांपेक्षा मोठा की लहान, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. झहीरला दुसरे दार सापडले, शिवलकरांना नाही, एवढाच फरक मला दाखवायचा आहे. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेणारा गोलंदाज मुंबईच्या राखीव बाकावर बसून घडला असता का, याची शंका यायला जागा आहे.

निवडीचा इतिहास लिहिताना आपण निकाल पाहून निवडकर्त्याला शहाणा किंवा मूर्ख ठरवतो. धावफलक तेवढेच सांगतो. मी आता आणखी एक गोष्ट तपासू लागलो आहे: त्या निवडीने कोणाची किती वर्षे बाकावर गेली आणि त्याला जायला दुसरी वाट होती का. कसलेल्याचे मोल आजच्या बळींत मोजता येते, होतकरूचे उद्याच्या. थांबलेल्याचे मोल त्याच्या आयुष्यातून वजा होत असते आणि ते कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाही. शिवलकर आणि गोयल यांना नियामक मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला तो २०१७ मध्ये. तोवर एकाने पंचाहत्तरी ओलांडली होती, दुसऱ्याने सत्तरी.